फुटलेल्या सिरॅमिक ग्रिलच्या कुंड्या: ताडोब्याजवळचं एक प्रकरण

भद्रावतीहून मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास आता बरीच पर्यटक निवासं उभी राहिली आहेत. त्यांतल्या एका लहानशा निवासाचं हे प्रकरण. मालकांनी हिवाळ्यातल्या पाहुण्यांसाठी अंगणात कोळशावर भाजायचे तीन सिरॅमिक ग्रिल ठेवले होते. अंड्याच्या आकाराचे, जाड भिंतींचे, बिजागरीचं झाकण असलेले. दोन हंगामांत तिन्हींना कुठे ना कुठे तडे गेले. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते, पाहुणे कमी असतात आणि अशी रेंगाळलेली कामं त्याच दिवसांत निघतात. मी याच भागात रोपवाटिका चालवते, चार-दोन निवासांच्या बागाही बघते. मालकांनी बोलावून विचारलं, "ताई, याच्या कुंड्या होतील का?"

काही भागांच्या झाल्या, काहींच्या झाल्या नाहीत, आणि एका ग्रिलची कुंडी मी होऊ दिली नाही. असं का झालं ते सविस्तर लिहिते, कारण "मोठं भांडं दिसलं की माती भरा आणि झाड लावा" एवढ्यावर हे काम होत नाही. तडा कशामुळे गेला, यावर त्या तुकड्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

टाकून का दिले नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. कबाडीवाल्याला आधी बोलावलं होतं. लोखंडी पट्ट्या, बिजागऱ्या आणि बिडाची जाळी न्यायला तो तयार होता, बाकीला त्याने हात लावला नाही. त्याचंही बरोबर आहे. एकदा भाजलेली माती वितळत नाही आणि भिजवून परत चाकावरही चढत नाही. मोठ्या आकाराचा असा एक ग्रिल सत्तर किलोच्या पुढे भरतो, म्हणजे तो लांब नेऊन टाकायचा तर गाडी आणि माणसं आली. मग उरतो तो सगळ्यांना सोपा वाटणारा मार्ग: आवारामागच्या नाल्यात लोटून देणं. त्या नाल्यातून चितळ जातात, रानडुकरं जातात, गावची गुरं जातात. चकाकी चढवलेल्या सिरॅमिकची फुटलेली कड काचेइतकी धारदार असते आणि ती कुजत नाही, गंजत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. जंगलाच्या कडेला राहून धंदा करणाऱ्यांनी हे करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि मालकांनाही ते वाटत होतं म्हणून त्यांनी विचारलं.

हे भांडं असतं कसं

या ग्रिलचं मूळ जपानात आहे. भात शिजवण्यासाठी तिथे मुशिकामादो नावाची झाकणाची मातीची गोल चूल वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती आपल्या देशात नेली आणि तिच्यावर भाताऐवजी मांस भाजायला सुरुवात झाली. १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' ही कंपनी सुरू केली आणि हा प्रकार जगभर माहीत झाला. सुरुवातीची भांडी साध्या मातीची असल्याने वारंवारच्या आचेने लवकर तडकत. पुढे उष्णतेने फार कमी फुगणारं सिरॅमिक वापरात आलं. चांगल्या बनावटीचा ग्रिल साडेतीनशे अंश सेल्सियसच्या पुढची आच सहज सोसतो.

कुंडीच्या दृष्टीने त्याचे तीन भाग महत्त्वाचे. एक बूड, म्हणजे खालचं खोलगट भांडं; त्याच्या तळाशी बाजूला हवा आत घेण्याची चौकोनी खिडकी असते. दुसरा भाग झाकण, घुमटासारखं, त्याच्या माथ्यावर धूर जाण्यासाठी वाटीएवढं गोल भोक. तिसरी आतली शेगडी, ज्यात कोळसा भरतात; तिला तळाशी आणि बाजूंनी मुळातच भोकं असतात. बाहेरून चकाकी, आतून कोरी माती. भिंत साधारण इंचभर जाड. झाकण आणि बूड लोखंडी पट्ट्यांनी आवळून बिजागरीला जोडलेले असतात.

बाहेरची चकाकी आणि आतला कोरेपणा यांमुळे ही कुंडी आपल्या नेहमीच्या मातीच्या कुंडीपेक्षा वेगळी वागते. साध्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपतं, वाफ होते आणि मुळं गार राहतात, जसं माठात होतं. इथे चकाकीमुळे बाहेरून वाफ होत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी कमी लागतं, हा फायदा. पावसाळ्यात मात्र आत शिरलेलं पाणी भिंतीतून सुकत नाही, ते खालूनच निघालं पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातला पाऊस लक्षात घेतला तर या एका गोष्टीवर झाड जगणार की सडणार ते ठरतं.

तिन्हींचं फुटणं वेगवेगळं

पहिल्या ग्रिलची हकिकत सरळ होती. त्याला चाकं होती, अंगणात खडी होती. एका कोपऱ्यातून दुसरीकडे ढकलताना चाक रुतलं आणि तो कलला. झाकणाची पट्टी आधीच सैल झालेली होती. झाकण निसटून फरशीवर पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. बुडाला काही झालं नव्हतं.

दुसऱ्याचं बूड खिडकीच्या कोपऱ्यापासून वरच्या काठापर्यंत उभं तडकलेलं होतं आणि आतली शेगडी दुभंगलेली होती. झाकण शाबूत दिसत होतं. कसं झालं ते कोणी नीट सांगेना. स्वयंपाकघरातल्या आचारीदादांशी जरा निवांत बोलले तेव्हा उलगडलं. "इंगळ विझवाले पानीच टाकतो ना ताई, चुलीत बी तेच करतो," ते म्हणाले. त्यांचा यात काही दोष नाही. त्यांना हे भांडं कोणी समजावून दिलंच नव्हतं. हे ग्रिल विझवायचे असतात ते खालची खिडकी आणि वरचं भोक बंद करून, हवा तोडून. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं की जिथे पाणी लागलं तो भाग आकसतो, शेजारचा तसाच फुगलेला राहतो, आणि या ओढाताणीत भिंत फाटते. फाटायला सुरुवात बहुतेकदा कोपऱ्यातून होते, म्हणून खिडकीचा कोपरा.

तिसऱ्या, लहान ग्रिलची फक्त आतली शेगडी तडकलेली होती. बाकी सगळं ठणठणीत.

आता या तीन कारणांचा अर्थ बघा. आदळून फुटलेल्या वस्तूत तडा जिथे मार बसला तिथेच असतो. दुसरा भाग वेगळा असेल तर तो बहुतेक निर्धोक. पाण्याच्या झटक्याने फुटलेल्या भांड्यात दिसणाऱ्या एका तड्यामागे न दिसणारे आणखी असू शकतात, त्यामुळे त्याच्या प्रत्येक भागाकडे संशयानेच बघावं. आणि रोजच्या आचेने शेगडीला पडलेली चीर ही या ग्रिलमधली नेहमीची गोष्ट आहे. शेगडी बुडाच्या आत बसलेली असते, चीर पडली तरी ती जागची हलत नाही आणि भाजण्यात फरक पडत नाही.

म्हणून तिसरा ग्रिल मी यादीतून काढला. मालकांना सांगितलं की हा स्वयंपाकघरात परत न्या. त्यांना सुरुवातीला पटलं नाही, कारण प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या दोन कुंड्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. पण चालू वस्तू भोकं पाडून बाद करायची आणि पुन्हा नवा ग्रिल विकत घ्यायचा, यात शहाणपण कुठे आहे? शेवटी शेगडीभोवती साधी लोखंडी तार आवळून ती परत आत बसवली. हा ग्रिल पुढच्या हिवाळ्यात नेहमीसारखा चालला.

इथेच आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या. पहिल्याचं बूड आणि दुसऱ्याचं झाकण जोडून एक चालू ग्रिल होईल का? मापून पाहिलं. दोन्ही वेगवेगळ्या बनावटीचे, काठाच्या व्यासात बोटभर फरक. झाकण घट्ट बसत नसेल तर हवा आत येत राहते आणि आच ताब्यात राहत नाही, त्यामुळे तो विचार सोडला. दुसरी गोष्ट खरेदीच्या कागदांची. बऱ्याच कंपन्या सिरॅमिकच्या भागांवर लांब मुदतीची हमी देतात. एकदा का ड्रिल लावलं की तो हक्क संपला. या प्रकरणात एक ग्रिल हाताबदली झालेला होता आणि दुसऱ्याचे कागद सापडले नाहीत, म्हणून पुढे गेलो. कोणाकडे कागद असतील तर त्यांनी आधी कंपनीला फोटो पाठवावेत आणि उत्तर येईपर्यंत भांड्याला हात लावू नये.

वाजवून पाहणं

माठ घेताना आपल्याकडे बोटाच्या पेराने वाजवून घेतात. शाबूत माठ टणटणतो, तडकलेला भद्द वाजतो. सिरॅमिकलाही हाच नियम लागू आहे, फक्त भिंत जाड असल्याने बोट पुरत नाही, लाकडी दांड्याने हलके टोले द्यावे लागतात.

भद्रावतीला मातीकामाची जुनी परंपरा आहे. गांधीविचाराचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथे ग्रामोदय संघ उभा केला आणि या गावाचं नाव कुंभारकामाशी जोडलं गेलं. त्यामुळे भट्टीत कोणती वस्तू कशाने फुटते हे उमजणारी माणसं आम्हाला शोधावी लागत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका कुंभारकाकांना मी सोबत नेलं. त्यांनी आयुष्यात असा ग्रिल पाहिला नव्हता. पट्ट्या, बिजागऱ्या सगळं काढायला लावलं, भांडी गोणपाटावर मोकळी ठेवायला सांगितली आणि मग चौफेर टोले द्यायला सुरुवात केली. "एका जागचा आवाज आयकून भागत नाई, चारी बाजूनं वाजवून पाहा लागते," असं म्हणत त्यांनी दुसऱ्या ग्रिलच्या झाकणावर काठाजवळ एक जागा दाखवली जिथे आवाज बसका येत होता.

तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मग निळीचं दाट पाणी करून ते झाकणाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर फडक्याने फिरवलं, थोडं सुकू दिलं आणि ओल्या कापडाने पुसलं. काठापासून आत वीतभर लांब निळी रेघ उरली. अशी रेघ आणि चकाकीतली जाळी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. बाहेरच्या चकाकीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, त्या फक्त वरच्या थरातल्या असतात आणि त्यांनी काही बिघडत नाही. आतून बाहेरून एकाच जागी जाते ती चीर.

पहिल्या ग्रिलचं बूड सगळीकडून स्वच्छ वाजलं.

कोणत्या भागाचं काय केलं

*पहिलं बूड.* हे सगळ्यात सरळ काम. खिडकीची पत्र्याची सरकती झडप काढली. बुडाचा तळ खिडकीच्या उंबऱ्यापेक्षा दोन-अडीच इंच खाली असतो, म्हणजे तेवढं पाणी आत साचून राहणार. तळाला भोकं पाडणं भाग होतं.

खूप जणांना वाटतं की तळाला खडी भरली की निचरा होतो. तसं होत नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत ते मातीतच धरून ठेवलं जातं. म्हणजे खडीचा थर घातला की तो चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या आणखी जवळ सरकतो. आणि भोकच नसेल तर खडीत साचलेलं पाणी जाणार तरी कुठे? म्हणून खडी नाही, भोकं. भोकावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा आणि वर एक खापर, एवढंच, माती वाहून जाऊ नये यासाठी.

भोकं पाडायला टाइल्स बसवणाऱ्या मिस्त्रीकडचा हिऱ्याचा होल-कटर आणला. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण मिस्त्रीची सवय भिंतीची असते. एका ठोक्याने बुडाचे दोन भाग होऊ शकतात. बूड पालथं घालून, भोकाच्या जागी कागदी चिकटपट्टी लावून, कटर आधी तिरका टेकवला आणि खाच पडल्यावर सरळ केला. वेग कमी, दाब अगदी हलका, आणि एकाने बाटलीतून सतत पाण्याची धार धरायची. पाण्याने कटर तापत नाही आणि धूळ उडत नाही. ही धूळ वाईट असते. सिलिकाची बारीक पूड फुप्फुसात जाऊन बसते आणि निघत नाही, त्यामुळे पाणी असलं तरी नाकावर मास्क हवाच. पाणी आणि वीज एकत्र आले म्हणून ड्रिल बॅटरीवरचंच वापरू दिलं. बोट जाईल एवढी चार भोकं पडली.

*दुसरं बूड, उभ्या तड्याचं.* यावर आमचं बरंच बोलणं झालं. मालक म्हणाले, एपॉक्सीने चिकटवून टाका. घरगुती एपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. चंद्रपूरला मे महिन्यात हवेचंच तापमान ४५ च्या पुढे जातं. गडद हिरव्या चकाकीचं भांडं उन्हात ठेवलं तर त्याच्या पृष्ठभागावर हात टेकवत नाही. तिथे एपॉक्सीच्या जिवावर चाळीसेक किलो ओली माती सोडणं मला मान्य नव्हतं. एपॉक्सी भरलं ते फक्त तड्यातून पाणी आणि माती झिरपू नये म्हणून. भार घ्यायला पट्टी हवी.

गावातल्या लोहारदादांनी लगेच सुचवलं की बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तशी तापवून बसवू. लाकडी चाकाला ते उत्तम, कारण धाव गार होताना आकसते आणि लाकूड दाब सोसतं. सिरॅमिक मात्र असा एकदम आलेला दाब आणि आच दोन्ही सोसणार नाही, विशेषतः आधीच तडकलेलं. ते त्यांना लगेच पटलं आणि त्यांनीच पुढचा उपाय काढला: दीड इंची पट्टीचे दोन अर्धगोल, टोकांना कान, कानांत बोल्ट. पट्टी आणि भांडं यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. एक काठाच्या खाली, एक पोटावर. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. ग्रिलची स्वतःची मूळ पट्टी गंजलेली होती आणि ती फक्त काठाजवळच येते, म्हणून ती पुरली नसती.

*दुसऱ्याचं झाकण.* वास्तविक उलटं ठेवलेलं झाकण ही या ग्रिलमधली सगळ्यात चांगली कुंडी. धुराचं भोक तळाला येतं, ड्रिलची गरजच पडत नाही. पण या झाकणात निळीने दाखवलेली चीर होती. मोठ्या झाडासाठी मी ते नाकारलं. लहान, उथळ मुळांच्या आणि कमी पाण्याच्या झाडांसाठी चालवलं, कारण त्यात मातीही अर्धीच भरायची होती. गोल तळामुळे ते उभं राहत नाही. लोहारदादांनी रांजणाला करतात तशी लोखंडी तिवई करून दिली, वर कडी आणि कडीवर रबर. वजन काठावर येत नाही, पोटावर येतं, हे बघून घ्यावं. तापमापकाचं भोक खालच्या बाजूला आलं ते जाळी लावून तसंच ठेवलं.

फुटलेल्या झाकणाचे तुकडे कुंडीच्या कामाचे नव्हते. त्यांच्या कडा विटेवर घासून बोथट केल्या आणि एका वाफ्याच्या कडेने वक्र बाजू वर ठेवून अर्धे पुरले. बारीक कपच्या भोकांवर ठेवायला वापरल्या. दुभंगलेल्या शेगडीचे दोन अर्धे भिंतीला टेकवून लावले, त्यांना भोकं होतीच.

धुणं आणि माती

ग्रिलच्या आत दोन प्रकारची घाण असते. तळाला राख, वर आणि कडेला चरबी-धुराचा काळा पापुद्रा. राख क्षारधर्मी असते. आमच्याकडची माती आणि विहिरीचं पाणी आधीच क्षाराकडे झुकलेलं; त्यात राख राहिली तर मोगऱ्यासारख्या झाडांची पानं पिवळी पडतात. ती झाडून, धुऊन काढली. काळा पापुद्रा खरवडून, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून काढला. कोऱ्या मातीत मुरलेला तेलकटपणा पूर्ण निघत नाही. म्हणून या भांड्यांत खाण्याचं काही लावलं नाही, पुदिना नाही, कोथिंबीर नाही. कोणी सांगतील की काही होत नाही, पण धुराचं डांबर जिथे वर्षभर मुरलं आहे तिथलं पान पाहुण्याच्या ताटात जावं असं मला वाटत नाही. चरबीचा वास काढण्याचं दुसरं कारण जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना सांगायला नको. रात्री त्या वासावर कुत्री येतात, रानडुक्कर येतं, आणि त्यांच्या मागे आणखी कोण येईल याचा नेम नाही.

मातीबद्दल मी आग्रही आहे. आवारात काळी कसदार माती ढिगाने पडलेली होती आणि माळीकाका ती भरायला निघालेच होते. शेतात ती सोनं आहे. कुंडीत, आणि तडकलेल्या कुंडीत तर मुळीच नको. काळ्या मातीतली चिकण ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तीच माती भांड्यात कोंडली की पावसाळ्यात तिचा दाब थेट भिंतीवर येतो. दोन पट्ट्यांनी धरलेल्या तड्याला दरवर्षी आतून असा रेटा द्यायचा म्हणजे ते भांडं आपणच हळूहळू उघडायचं. आम्ही दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड रेती व राइस मिलमधली तुसं असं मिश्रण केलं. चंद्रपूरच्या धानपट्ट्यात तुसं सहज मिळतात, माती मोकळी ठेवतात आणि वजनही कमी करतात. काठापासून तीन बोटं जागा रिकामी.

भांडी आधी जागेवर नेली आणि मग भरली. भरल्यानंतर ती चार माणसांनाही हलत नाहीत. तडकलेलं बूड पूर्वेच्या भिंतीलगत ठेवलं, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारच्या आत सावली येईल अशा जागी. शाबूत बुडाला उघडी जागा दिली. सगळी भांडी विटांवर, खाली हवा खेळेल आणि भोकं दिसतील अशी.

झाडं

शाबूत बुडात मोगरा लावला. खिडकी बंद करावी असं मालकांचं म्हणणं होतं; मी ती उघडी ठेवून तिच्यात ऑफिस टाइम या पसरणाऱ्या फुलझाडाच्या फांद्या खोचल्या. त्या तिथूनच बाहेर लोंबल्या आणि खिडकी दिसेनाशी झाली. तडकलेल्या बुडात सदाफुली, कारण तिची मुळं जाड होऊन भिंतीला रेटत नाहीत. वड, पिंपळ, रबर प्लांट असल्या झाडांचं नावही या भांड्यात काढू नये. झाकणात कोरफड आणि अडेनियम. शेगडीच्या अर्ध्यांत गवती चहा लावायचा माळीकाकांचा विचार होता, पण वर सांगितलेल्या कारणासाठी तिथेही सदाफुलीच आली.

वानरांचा विचार इथे करावाच लागतो. प्लास्टिकच्या कुंड्या ते लोळवतात, हलकी मातीची कुंडी पाडून फोडतात. ही भांडी जागची हललीही नाहीत. मोगऱ्याचे शेंडे एकदा खुडले गेले, ते परत फुटले. सदाफुलीला गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. इथे वानरांनीही ती सोडून दिली.

एकाने चकाकीवर रंगीत नक्षी काढायचं सुचवलं. चकाकीवर रंग धरत नाही, एका पावसाळ्यात पोपडे येतात, आणि तो मूळ हिरवा रंग पानांबरोबर छान दिसतो, म्हणून तसंच ठेवलं.

वर्षभरानंतर

श्रावणातल्या झडीत शाबूत बुडाची चारपैकी दोन भोकं तुंबली होती. माळीकाकांनी खालून तार घालून मोकळी केली. हे नियमाने बघावं लागतं, फक्त झाडासाठी नाही. भांड्यात किंवा खिडकीच्या उंबऱ्यात पाणी साचून राहिलं तर डेंग्यूच्या डासाची अंडी-अळी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण वाढते. आठवड्यातून एकदा सगळी भांडी बघायची, हे काम आता त्यांच्या ठरलेल्या कामांत आहे.

मोगऱ्याला उन्हाळ्यात बहर आला. मे महिन्यात रोपवाटिकेतल्या काळ्या पिशव्यांतली रोपं दुपारी माना टाकत होती, तेव्हा या जाड भांड्यातली माती बोट खुपसलं तर गार लागत होती. पाणी सकाळी एकदाच दिलं जात होतं. त्याच भांड्यांचं एक वैशिष्ट्य असं की एकदा तापली की रात्रीही लवकर निवत नाहीत, म्हणून ऐन उन्हाच्या आठवड्यांत शाबूत बुडावरही शेडनेट ओढलं.

तडकलेल्या बुडातलं एपॉक्सी उन्हाळ्यात एका जागी किंचित बाहेर आलं. तड्याची रुंदी मात्र तेवढीच आहे. माळीकाकांनी तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यातलं अंतर बदललेलं नाही. पट्ट्यांनी काम केलं. झाकणातली निळी रेघ किंचित लांबली आहे, ती अजून खालपर्यंत गेलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात ते व्हरांड्याच्या छपराखाली हलवायचं ठरलं आहे आणि रेघ तळाच्या भोकापर्यंत पोचली तर माती काढून त्याचेही तुकडे वाफ्याच्या कडेला लावायचे.

तिसरा ग्रिल स्वयंपाकघरात आहे. त्याच्या शेजारी आचारीदादांनी भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: पाणी टाकू नये, दोन्ही झडपा बंद कराव्यात. तडकलेल्या बुडाच्या दोन्ही पट्ट्यांचे बोल्ट रोहिणी नक्षत्रात, मृगाच्या आधी, एकदा तपासायचे आणि गंज दिसला तर तेल लावायचं, एवढं माळीकाकांकडे सोपवलं आहे.